घरची जिंजर बिअर

इडलीचे पीठ रात्री वाटून ठेवले आणि सकाळी ते पातेल्याबाहेर आले, तर कुणाही गृहिणीला त्याचे नवल वाटत नाही. पीठ फुगते ते आत तयार होणाऱ्या वायूमुळे. पातेल्यावर नुसते झाकण असते, वायूला वाट मिळते; ओटा पुसला की झाले! हाच प्रकार घट्ट बुचाच्या बाटलीत करायचा, म्हणजे जिंजर बिअर. आणि नवशिक्याची फजिती होते ती आल्यापाशी नव्हे, बुचापाशी.

इंग्लंडात एके काळी हे पेय घरोघर होत असे. त्याचे विरजण म्हणजे भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे. त्यांना लोक ‘जिंजर बिअर प्लँट’ म्हणत, पण ती वनस्पती नव्हेच. शेजारणीकडून थोडे आणायचे, वाढले की पुढच्या घरी द्यायचे, अशी रीत. हिंदुस्थानात पाठवायचे इंजिनिअर जेथे तयार होत, त्या कूपर्स हिलच्या कॉलेजात हॅरी मार्शल वॉर्ड हे वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्यांनी १८९२ साली या दाण्यांवर निबंध प्रसिद्ध केला आणि दाखवले की, दाण्यात यीस्ट व एक जिवाणू असे दोघे एकत्र संसार करतात.

ते दाणे नसले म्हणून आपले अडत नाही. आल्याच्या सालीवर यीस्ट मुळातच असते. म्हणून आले धुवा, पण सोलू नका. काचेच्या बरणीत दोन कप उकळून गार केलेले पाणी, दोन मोठे चमचे किसलेले आले आणि तितकीच साखर घाला. तोंडाला फडके बांधा, बूच लावू नका. रोज एक चमचा आले, एक चमचा साखर घालून ढवळा. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, थंडीत आठवड्याभरात बुडबुडे येतील, वास आंबूस पण ताजा येईल. वर रंगीत बुरशी धरली तर मात्र सगळे फेकून द्या. तेवढा भाग काढून उरलेले वापरण्याचा मोह नको.

पुढचे काम सोपे. दोन लिटर पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम आले ठेचून उकळा, १५० ग्रॅम साखर विरघळवा, कोमट झाले की गाळून दोन लिंबे पिळा आणि विरजणाचे अर्धा कप गाळलेले पाणी मिसळा. पाणी गरम असताना विरजण घातले तर यीस्ट मरते आणि मग नुसते आल्याचे सरबत उरते.

आता हिशेब पाहा. यीस्ट साखर खाते, तेव्हा त्या साखरेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा कर्बाम्ल वायू होतो, बाकीच्याचा मद्यार्क. बाजारच्या थंड पेयाइतका फेस यायला लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम वायू पुरतो. म्हणजे बारा ते सोळा ग्रॅम साखर खर्ची पडली की काम झाले. पण आपण लिटरला ७५ ग्रॅम घातली आहे! उरलेली साखर गोडीसाठी आहे हे तुम्हाला ठाऊक. यीस्टला कोण सांगणार? ते खातच राहते.

मलाही हे कुणी सांगितले नव्हते. मे महिन्यात चार काचेच्या बाटल्या भरून मी फडताळात ठेवल्या आणि दोन दिवसांसाठी गावाला गेलो. परतलो तो एक फुटलेली, काचेचे तुकडे थेट पलीकडच्या भिंतीपाशी. घरात कुणी नव्हते म्हणून बरे. उरलेल्या तिन्हींवर जाड गोणपाट टाकून, हात लांब ठेवून, एकेकीचे बूच सोडवताना मला घाम फुटला.

म्हणून पहिल्या खेपेला काच नकोच. सोड्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या, वर दोन बोटे जागा ठेवा. सकाळ-संध्याकाळ ती दाबून पाहा. दबते आहे तोवर बाहेर राहू द्या. दगडासारखी लागली की लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात याला एक दिवसही पुरतो. थंडीने यीस्ट मरत नाही, नुसते सुस्तावते. तेव्हा तेथेही आठवड्यात संपवा, आणि उघडताना बूच थोडे-थोडे, मोरीवर धरून फिरवा.

एक गोष्ट उघड सांगायला हवी. वेळेवर थांबवली तरी यात शेकडा एकच्या आसपास मद्यार्क उतरतो, रेंगाळली तर जास्त. मुलांना आणि मद्य वर्ज्य असणाऱ्यांना हे देऊ नका. त्यांच्यासाठी आल्याचेच सरबत, सोडा घालून.

बरणीत उरलेले विरजण टाकू नका. काढले तेवढे पाणी घाला, चमचाभर आले-साखर द्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. आठवड्यातून एकदा खाऊ घातले की ते पुढच्या खेपेला तयार असते.