गाठ विरघळली, निदानही विरघळलं

डोकं दुखतंय, बोलताना शब्द सापडत नाही, उजवा हात जड झालाय. एमआरआय होतो आणि मेंदूत आतल्या बाजूला एक पांढरा गोळा दिसतो. आपल्या देशात असा गोळा दिसला की पहिला संशय क्षयाच्या गाठीचा, दुसरा पट्टकृमीच्या अळीचा. दोन्हींत सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड दिलं जातं आणि ते योग्यही असतं. टीबीच्या गोळ्यांबरोबर डेक्सामेथासोन सुरू होतं. आठवडाभरात पेशंट उठून बसतो, जेवतो, नातवंडांची नावं घेतो. मुलगा गावाकडे फोन करून सांगतो, औषध लागू पडलं. दुसऱ्या एमआरआयमध्ये गोळा जवळजवळ गेलेला असतो. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तो परत येतो, बहुतेक वेळा दुसऱ्याच जागी.

ती गाठ क्षयाची नव्हतीच. ती मेंदूतल्या लिम्फोमाची होती.

लिम्फोमा म्हणजे रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तो सहसा मानेत, काखेत, जांघेत गाठी घेऊन येतो. क्वचित मात्र तो फक्त मेंदू, मज्जारज्जू, डोळे आणि मेंदूची आवरणं एवढ्यातच राहतो. मेंदूत सुरू होणाऱ्या गाठींपैकी शंभरात जेमतेम दोन-चार या जातीच्या. ताप, वजन घटणं, रात्री घामानं भिजणं या लिम्फोमाच्या ओळखीच्या खुणा इथे बहुधा नसतात.

स्टेरॉइडनं गाठ का विरघळते, हे समजून घ्यायला हवं. हे औषध लिम्फोसाइटच्या आत शिरून त्या पेशीला स्वतःहून मरायला लावतं. लिम्फोमाच्या पेशीही त्याच वंशातल्या, म्हणून त्याही मरतात, पण सगळ्या नाहीत. अशा वेळी सुईनं तुकडा काढला, तर पॅथॉलॉजिस्टला मेलेल्या पेशी आणि थोडी सूज यापलीकडे काही दिसत नाही. अशा विरघळून जाणाऱ्या गाठीला डॉक्टर भुताची गाठ म्हणतात. काही अभ्यासांत स्टेरॉइडनंतरही बायोप्सीतून निदान झालंय, तरी जगभरचा नियम एकच आहे: लिम्फोमाची शंका असेल आणि मेंदूवरच्या दाबानं जीव धोक्यात नसेल, तर आधी बायोप्सी, मग स्टेरॉइड.

दिल्लीत मुनिरका गावाच्या अरुंद गल्ल्यांतल्या खोल्यांत जेएनयूची आणि आयआयटीची मुलं राहतात, तसे उपचारासाठी आलेले पेशंटही राहतात. मुनिरका स्टेशनावरून मॅजेंटा लाइन धरायची, हौज खासला यलो लाइनवर बदलायचं, की एम्स. पेशंटच्या पिशवीत आधीच्या गावांतल्या चिठ्ठ्यांची चळत असते आणि निदानाची किल्ली पुष्कळदा त्या चिठ्ठ्यांत असते. स्टेरॉइड कुठल्या तारखेला सुरू झालं, किती दिवस घेतलं, कधी बंद केलं, आणि पहिला एमआरआय त्याआधीचा की नंतरचा. घरच्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगावं. नुसता ‘आता बरा आहे’ असा रिपोर्ट डॉक्टरांना चकवतो.

एम्स आणि बंगळुरूच्या निम्हान्सच्या पॅथॉलॉजिस्टांनी 1980 ते 2003 या काळातल्या मेंदूतल्या लिम्फोमाच्या गाठींचा एकत्र अभ्यास केला होता. पश्चिमेत एड्सच्या साथीबरोबर हा आजार वाढला, आपल्याकडच्या पेशंटांत मात्र एचआयव्हीचा वाटा फारच थोडा निघाला. म्हणजे ‘एचआयव्ही नाही, मग लिम्फोमा कसला’ हा तर्क इथे चालत नाही.

सगळ्यात फसवं रूप डोळ्यातलं. साठीतल्या माणसाला डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगताना दिसतात, नजर धूसर होते. डोळ्याच्या आतली सूज म्हणून थेंब दिले जातात, मग गोळ्या, आणि हीसुद्धा स्टेरॉइडच. थोडं साफ होतं, पुन्हा गढुळतं. डोळ्याच्या आतल्या पारदर्शक द्रवाचा नमुना काढून तपासला तरच त्यात लिम्फोमाच्या पेशी सापडतात. त्या नाजूक असतात, नमुना प्रयोगशाळेत उशिरा पोहोचला तर वाटेतच नष्ट होतात. डोळ्यातल्या या लिम्फोमाच्या बहुसंख्य पेशंटांना पुढे मेंदूतही तोच आजार होतो. म्हणून उतारवयात पहिल्यांदाच आलेली, औषधाला दाद न देणारी डोळ्याची सूज मी तरी साधी मानणार नाही.

कधी गाठच नसते. पेशी मेंदूच्या पांढऱ्या भागात विखरून पसरतात आणि हिशेबात पक्का असलेला माणूस दोन-तीन महिन्यांत घरचा रस्ता विसरतो. एमआरआय पाहून रक्ताभिसरणाचा किंवा वयाचा दोष समजला जातो. दुसऱ्या एका प्रकारात पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या पोकळीतच तुंबतात आणि लहान लहान पक्षाघात एकामागून एक येत राहतात. तिथे वरवर निरोगी दिसणाऱ्या कातडीचा तुकडा तपासूनही निदान होऊ शकतं, हे मला या आजाराबद्दलचं सगळ्यात विलक्षण सत्य वाटतं. लिम्फोमा मज्जातंतूत शिरला तर असह्य कळा येतात आणि मणक्याचा विकार समजून इलाज चालतात. मेंदूच्या आवरणावरचा एक मंद प्रकार हुबेहूब साध्या मेनिन्जिओमासारखा दिसतो. तो मात्र उपचारांना चांगली दाद देतो.

एवढ्या धडपडीनं निदान का गाठायचं? कारण इलाज आहे. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. संधिवातावर आठवड्याला दहा-पंधरा मिलिग्रॅम देतात तेच. इथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ओलांडण्यासाठी शरीराच्या दर चौरस मीटरला तीन ग्रॅम किंवा अधिक द्यावं लागतं, म्हणजे एका वेळी सुमारे तीनशे पट.

या औषधाचा माग गिरणगावाशी जाऊन भिडतो. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली. गिरणीकामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेताना यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात हे तिनं 1931 मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुण म्हणजे फॉलिक अॅसिड. पुढे भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूनं ते प्रयोगशाळेत बनवलं आणि त्याला अडवणारी औषधंही तयार केली. मेथोट्रेक्सेट त्यांतलंच.

एवढ्या डोसाचं विष उतरवायला चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन सुरू करतात. तेही फॉलिक अॅसिडचंच एक रूप. भरपूर सलाइन, सोडा देऊन अल्कधर्मी ठेवलेली लघवी, रक्तातल्या औषधाची पातळी पुन्हा पुन्हा मोजणं, हे सगळं वॉर्डातच व्हावं लागतं. त्या दिवसांत साधी वेदनाशामक किंवा अॅसिडिटीची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, औषध बाहेर पडायला ती अडथळा आणते. दर दोन-तीन आठवड्यांनी हा फेरा, असे अनेक. साठीपुढच्यांना संपूर्ण मेंदूवर किरणोपचार दिल्यास पुढे स्मृती ढासळण्याचा धोका मोठा, म्हणून त्यांच्यात ते शक्यतो टाळून औषधांवरच भर देतात. तरुणांना पुढे स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण करता येतं आणि त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षं या आजाराशिवाय जगतात.