वाचा न फुटलेल्याची साक्ष

ज्याला अद्याप वाचा फुटलेली नाही अशा बालकाची जबानी कशी घ्यावी, या प्रश्नाला मानसशास्त्राजवळ एकच प्रामाणिक उत्तर आहे: त्याच्या घरी जावे, एका बाजूस बसावे आणि जे घडेल ते, आपले मत त्यात न मिसळता, टिपून घ्यावे. निरीक्षणपद्धती ती हीच. सांगावयास सोपी, आचरावयास कमालीची कष्टाची.

मेरी एन्सवर्थ या विदुषी १९५४ साली पतीच्या नोकरीनिमित्त युगांडात गेल्या आणि कंपालाच्या आसपासच्या खेड्यांत, दुभाष्या सोबत घेऊन, तान्ह्या मुलांच्या घरी नेमाने जाऊन बसू लागल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्यांनी हाच क्रम अधिक काटेकोरपणे चालविला. कुटुंबे २६, दर तीन आठवड्यांनी एक भेट, भेट सुमारे चार तासांची, आणि मूल वर्षाचे होईपर्यंत त्यात खंड नाही. मूल केव्हा रडले, आईने किती वेळाने उचलले, उचलल्यावर ते कुशीत विसावले की अंग ताठ करून राहिले, याची तपशीलवार नोंद होत गेली. रडताक्षणी उचलले तर मूल सोकावते, ही समजूत तिकडेही होती, आपल्याकडेही आहे. परंतु आरंभीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला आई तत्परतेने धावून गेली, ती मुले वर्षअखेरीस कमी रडत असल्याचे या टिपणांतून आढळले. त्यावर पुढे वादही झाला, आणि तो व्हावयासच हवा होता.

एन्सवर्थ यांचे नाव मात्र सर्वतोमुखी झाले ते एका वीसेक मिनिटांच्या चाचणीमुळे. खेळणी मांडलेल्या परक्या खोलीतून आई दोनदा बाहेर जाते व परत येते. तेवढ्यात मूल काय करते, ते पाहावयाचे. बहुतेक मुले आई परतताच तिला बिलगत. काही मात्र तिच्याकडे पाठ फिरवून खेळण्यात गुंतलेली दिसत. केवळ ती वीस मिनिटे पाहणारा अशा मुलाला धीट, स्वावलंबी ठरवून मोकळा झाला असता. पण घरची टिपणे हाताशी होती, आणि जवळ येऊ पाहणाऱ्या या मुलांना त्यांच्या आया वारंवार दूर सारीत, हे त्यांत नमूद होते. चाचणीला अर्थ आला तो त्या दप्तरामुळे, हे आज फार थोड्यांच्या ध्यानी असते.

पुढे इतर संशोधकांनी अशा प्रसंगी पाठ फिरविणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. चेहरा शांत होता. काळीज धडधडत होते.