प्रकट वाचनाचा नित्यनेम

वार्धक्यात स्मृती मंदावू लागली म्हणजे औषधांची फेरिस्त वाढत जाते, परंतु कपाटात वर्षानुवर्षे विनातक्रार हजर असलेल्या पुस्तकांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे संशोधक र्‍युता कावाशिमा व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांकडून सहा महिने प्रकट वाचन व सोपी आकडेमोड करवून घेतली असता, त्यांच्या मेंदूच्या अग्रखंडाचे कार्य सुधारल्याचे आढळले. अभ्यासातील माणसे अवघी ३२, त्यांतही निम्मी केवळ तुलनेसाठी. तेव्हा वाचनाने व्याधी हटते असा दाखला कोणी देऊ नये. तथापि डोळ्यांनी अक्षर टिपणे, जिभेने उच्चारणे आणि कानांनी पडताळणे ही त्रिविध कामगिरी मेंदू एकाच वेळी बजावतो, हे यातील मर्म होय.

आमच्या आत्या सकाळच्या चहानंतर वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचतात. जोडाक्षर अडले की त्यावर बोट ठेवून क्षणभर थांबतात, आणि ते सुटले की विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहतात. बातमी वाचून झाली की मी विचारतो, "कोण, कुठे, कशासाठी?"

आपणही ठळक टाइप, चष्म्याचा योग्य नंबर, आवडीचा मजकूर आणि ऐकणारे एक माणूस, एवढी तजवीज करून पाहावी.