अनामिकेची दोरी

हात टेबलावर पालथा ठेवला की पंजा सपाट टेकायला हवा. बदनापूर तालुक्यातल्या या मोसंबीवाल्या काकांचा टेकत नव्हता. उजव्या हाताची अनामिका मुळाशी वाकलेली, आणि तळव्यातून तिच्याकडे गेलेली कडक दोरी कातडीखाली उठून दिसत होती. दुखत नव्हतं, म्हणून वर्षं अशीच गेली. "तोंड धुताना बोट डोळ्यात जातं, अन् देवापुढं हात जोडले तर तळवे जुळत नाहीत," काका म्हणाले. नस आखडली असेल म्हणून गावात तेल लावून चोळूनही झालं होतं.

नसेचा इथं संबंधच नाही. तळव्याच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो. तो जाड होतो, आकसतो आणि बोटाला ओढून धरतो. चोळून तो सुटत नाही. पॅरिसच्या गिओम द्युपुइत्रां यांनी १८३१ साली त्यावर शस्त्रक्रिया केली, त्यांचंच नाव या आजाराला आहे. उत्तर युरोपात तो फार. आपल्याकडे कमी, पण मधुमेह असलेल्यांत आढळतो. काकांनाही साखर आहेच. (कट्‌कन अडकून सुटणारं बोट हा आजार वेगळा, त्याचा इलाजही वेगळा.)

जालन्यात ठरावीक दिवशी येणाऱ्या हाताच्या सर्जननी तळव्यावर पेनानं तीन ठिपके काढले. भुलीचं औषध अगदी थोडं, फक्त कातडीपुरतं. बोट पूर्ण बधिर केलं तर आतली संवेदनेची नस सुईजवळ आल्याचं कळणार कसं? "बोटात करंट लागल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा, काका." मग बारीक सुई आत गेली. "आता बोटाचं टोक हलवा." सुई जागची हलली नाही, म्हणजे ती स्नायूच्या दोरात, टेंडनमध्ये नव्हती. सुईच्या तिरक्या टोकानं दोरीवर आडवं कापत डॉक्टर दुसऱ्या हातानं बोट मागं ताणत होते. तिसऱ्या ठिपक्याशी कट्‌कन आवाज आला आणि अनामिका सरळ झाली. ना चिरा, ना टाका. फ्रेंच संधिवाततज्ज्ञांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रुळवली.

दुसरा मार्ग कोलॅजनेज या विकराच्या इंजेक्शनचा. ते दोरी विरघळवून कमजोर करतं आणि एक ते तीन दिवसांनी डॉक्टर बोट ओढून सरळ करतात. अमेरिकेत २०१० साली त्याला मान्यता मिळाली. त्याआधीच्या ३०८ रुग्णांच्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या ६४ टक्के रुग्णांचं बोट जवळपास सरळ झालं. खोटं औषध दिलेल्यांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आत होतं. मात्र औषध अतिशय महाग, हात सुजून काळानिळा पडतो, क्वचित टेंडनही तुटतो. युरोपच्या बाजारातून ते २०२० मध्ये काढून घेतलं गेलं. पुढं सुई आणि इंजेक्शन यांची थेट तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनंतरही फारसा फरक दिसला नाही. मग खेड्यातून येणाऱ्या माणसाला महागडं औषध आणि दुसरी खेप कशाला? मला तरी सुईच बरी वाटते.

तिची उणीव डॉक्टरांनी आधीच सांगितली होती. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पाच वर्षांत सुई केलेल्या सुमारे ८५ टक्के रुग्णांचं आखडणं परतलं. चिरा देऊन पडदा काढलेल्यांत ते २१ टक्के होतं. पण चिऱ्यानंतर जखम भरेपर्यंत कितीतरी आठवडे हात कामातून जातो, आणि साखर असली की जखमेची काळजी अधिक. काकांनी हिशेब लगेच केला. "परत आखडलं तर परत येऊ. आता मोसंबीची तोड तोंडावर आलीय."

मुळाचा सांधा असा सुटतो. मधला सांधा फार काळ वाकलेला राहिला की दोरी तुटूनही तो पुरता उघडत नाही. काकांचा मधला सांधा नुकताच वाकू लागला होता, तो थोडा राहिलाच. रात्री बांधायची पट्टी आणि बोटाचे व्यायाम समजावून सांगितल्यावर डॉक्टरांनी डाव्या हाताचा पंजाही टेबलावर पालथा ठेवायला सांगितला.