गाडीची स्प्रिंग आणि पाठीचा कणा

कंबरदुखीचा रुग्ण समोर बसला की आम्हा डॉक्टरांचे काही प्रश्न ठरलेले असतात. ओझे उचलावे लागते का, दिवसातून किती तास बैठे काम असते, झोपण्याची गादी कशी आहे? या यादीत आता आणखी एका प्रश्नाची भर घालणे आवश्यक झाले आहे. रोज किती वेळ गाडीत जातो, आणि त्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये काही बदल केला आहे का? शहरांतील तरुण मंडळी हौसेने गाडीला ‘कॉइलओव्हर’ बसवून घेतात. गाडी जमिनीलगत दिसते, वळणावर कलत नाही, चालवणाऱ्याला तिच्यावर अधिक ताबा आल्यासारखे वाटते. परंतु त्याच गाडीतून मुले शाळेत जातात, आजी-आजोबा दवाखान्यात येतात. म्हणून हा विषय केवळ हौसेचा राहत नाही. तो कुटुंबाच्या आरोग्याचाही होतो.

कॉइलओव्हर म्हणजे काय?

गाडीच्या प्रत्येक चाकापाशी दोन घटक एकमेकांना पूरक असे काम करतात. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का दबून गिळते. दबलेली स्प्रिंग मोकळी होताना वर-खाली हेलकावत राहते. ते हेलकावे शमवण्याचे काम तेलाने भरलेला शॉक ॲब्सॉर्बर करतो. कॉइलओव्हरमध्ये शॉक ॲब्सॉर्बरभोवती स्प्रिंग बसवलेली असते आणि त्याच्या अंगावर आटे पाडलेले असतात. आट्यांवरील कडे फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते. अनेक संचांत वरच्या टोकाला एक बटणही असते. ते फिरवून शॉक ॲब्सॉर्बर सैल किंवा कडक करता येतो.

आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. त्यातही स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच असते, फक्त तिची उंची बदलता येत नाही. तेव्हा कॉइलओव्हर ही काही जादूची वस्तू नव्हे. शर्यतीच्या गाड्यांत तिचा विशेष उपयोग होतो, कारण तिथे मार्ग गुळगुळीत असतो, चालक धडधाकट असतो आणि प्रवास थोड्या वेळाचा असतो. आपल्या रोजच्या प्रवासात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

शरीराला कोणता हादरा सोसत नाही?

झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी झोका वाढत जातो, तसेच शरीराचे आहे. बसलेल्या माणसाला खालून येणारी, सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा होणारी कंपने सर्वांत जास्त जाणवतात. सेकंदाला साधारण पाच कंपनांच्या आसपास धड आणि पाठीचा कणा त्या लयीला साथ देऊ लागतो आणि सीटवरून आलेला हादरा शरीरात कमी होण्याऐवजी वाढतो. मणक्यांमधील गाद्यांवर आणि त्यांना आवरून धरणाऱ्या स्नायूंवर त्याचा ताण पडतो. कंपनांचे मोजमाप करण्यासाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातही या पट्ट्यातील उभ्या कंपनांना सर्वाधिक महत्त्व दिलेले आहे. युरोपीय संघाने तर २००२ च्या निर्देशात कामगारांसाठी मर्यादा घालून दिली. आठ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या कंपनाला मालकाने उपाय योजायचे, आणि १.१५ ही मर्यादा ओलांडायचीच नाही. हा नियम ट्रॅक्टर, ट्रक, खोदयंत्र चालवणाऱ्यांसारख्या कामगारांसाठी आहे. आपल्या मोटारीला तो लागू नाही. तथापि कंपनांचा आरोग्याशी संबंध किती गंभीरपणे घेतला जातो, हे त्यावरून कळते.

आरामदायी मोटारीचा सांगाडा आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हेलकावतो. ही लय मुद्दाम संथ ठेवलेली असते. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये प्रवासाच्या सुखावर मूलगामी काम केले. पुढच्या स्प्रिंग मागच्यांपेक्षा थोड्या मऊ ठेवल्या, तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडी पुढे-मागे डुलत राहत नाही, हे तत्त्व त्याच्या कामातून रूढ झाले.

आता एक साधे गणित पाहू. गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर ३०० किलो भार आहे असे धरू. एक मिलिमीटर दबण्यास २ किलो भार लागणारी स्प्रिंग तिथे असेल, तर ती १५० मिलिमीटर दबेल आणि गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा हेलकावेल. तिच्या जागी ५ किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग बसवली, तर ती ६० मिलिमीटरच दबेल आणि हेलकाव्यांची संख्या दोनवर जाईल. हा फरक आकड्यात किरकोळ भासतो. परंतु शॉक ॲब्सॉर्बरचा परिणाम क्षणभर बाजूला ठेवला, तर सेकंदाला पाच वेळा येणारा रस्त्याचा हादरा दुसऱ्या स्प्रिंगमधून पहिलीच्या जवळजवळ पावणेतीन पट आत येतो. म्हणजे शरीराला जो हादरा सर्वांत कमी सोसतो, त्याच्यासाठीच आपण दार उघडून देतो.

गतिरोधकावरचा एक क्षण

सततच्या कंपनांपेक्षा घातक असतो तो एकच मोठा आघात. गाडी खाली घेतली की चाकाला वर उचलण्यासाठी उरलेली जागा कमी होते. मोठ्या खड्ड्यात ही जागा संपते, शॉक ॲब्सॉर्बर तळाशी असलेल्या रबरी थांब्यावर आदळतो आणि त्या क्षणापुरते सस्पेन्शन जणू नाहीसेच होते. उरलेला धक्का सीटमार्गे थेट कण्यात जातो.

माझ्याकडे आलेल्या सत्तरीच्या एका आजींचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नातवाच्या गाडीत त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. गाडी नुकतीच बरीच खाली घेतलेली होती. न दिसलेल्या गतिरोधकावर ती आदळली आणि आजींच्या पाठीत कळ उठली. दोन दिवस त्यांनी बाम चोळून काढले. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तेव्हा कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने चेपलेला आढळला. पुढील तपासणीत हाडांचा ठिसूळपणा निश्चित झाला. म्हणजे मूळ दुखणे आधीपासून होतेच. धक्का निमित्त ठरला. गतिरोधकावरून जाताना मणका मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यातही आहेत. विशेषतः बसच्या अगदी मागच्या रांगेत बसलेल्या प्रवाशांच्या. छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरील मणके अशा वेळी सर्वाधिक सापडतात. मागच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही मागे बसणाऱ्याला उसळी जास्त बसते. दोन्ही आसांच्या मधली जागा सर्वांत सुरक्षित.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा अशी त्याची रचना आहे. आपल्या गल्लीबोळांतील अनेक गतिरोधक याहून अरुंद आणि उभे असतात, हे सांगायला नकोच. तेव्हा सस्पेन्शन निवडायचे ते आपल्या घराजवळच्या गतिरोधकासाठी, चित्रफितीतील रस्त्यासाठी नव्हे.

घरात मणक्याच्या गादीचा त्रास असलेली व्यक्ती, नुकतीच पाठीची वा पोटाची शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती, गर्भवती स्त्री किंवा हाडे ठिसूळ झालेले ज्येष्ठ असतील, तर गाडी खाली घेण्याचा विचार सोडून द्यावा. मुलांना घाटात होणारी मळमळ मात्र निराळी आहे. पाच सेकंदांत एखादा, अशा अतिसंथ हेलकाव्यांनी ती होते आणि त्यांचा संबंध वळणे, ब्रेक व वेग यांच्याशी अधिक असतो. कडक सस्पेन्शन हा त्यावरचा उपाय नव्हे. संथपणे गाडी चालवणे आणि मुलाला दूरच्या क्षितिजाकडे पाहायला सांगणे हे अधिक उपयोगी पडते.

उपचाराआधी निदान

“गाडी फार उडते, म्हणून नवे सस्पेन्शन घालतो,” असे म्हणणाऱ्याने आधी जुन्याची तपासणी करून घ्यावी. टायरमधील हवा निर्मात्याने सांगितल्यापेक्षा जास्त आहे का? रिम मोठी करून टायरची भिंत पातळ केली आहे का? शॉक ॲब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसते का? कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदाच वर येऊन थांबते, की डुलत राहते? रबरी बुश आणि वरचा माउंट फाटलेला आहे का? पुष्कळदा दोष यांपैकी एखाद्यात असतो आणि मूळ दर्जाचे सुटे भाग बसवताच गाडी पूर्ववत होते. कमी खर्चाचा आणि कमी जोखमीचा उपाय आधी, हा वैद्यकातील नियम गॅरेजमध्येही लागू पडतो.

येथे एक गैरसमजही दूर करावा. आराम म्हणजे मऊपणा नव्हे. फार मऊ गादी पाठीला त्रास देते, तशीच शॉक ॲब्सॉर्बर निकामी झालेली डुलणारी गाडीही देते. नेमक्या मापाचा, चांगल्या दर्जाचा कॉइलओव्हर हा झिजलेल्या सस्पेन्शनपेक्षा निश्चितच सुखद ठरू शकतो.

निवडताना काय पाहावे?

स्प्रिंगचा कडकपणा. विक्रेत्याला मूळ स्प्रिंगचा आणि नव्या स्प्रिंगचा आकडा किलो प्रति मिलिमीटरमध्ये विचारावा. रोजच्या वापरासाठी तो मूळच्या जवळपास असावा. जो विक्रेता हा आकडा सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

चाकाच्या हालचालीची जागा. काही संचांत स्प्रिंगखालचे कडे फिरवून उंची कमी होते, आणि तेवढीच जागा घटते. काहींत शॉक ॲब्सॉर्बरची खालची जोडणी वेगळी सरकवता येते. त्यामुळे उंची बदलली तरी त्याच्या आतल्या दांड्याचा पल्ला बराचसा टिकतो. कुटुंबाच्या गाडीला दुसरा प्रकार बरा. तरीही गाडी मूळ उंचीवर ठेवणे हेच उत्तम.

वरचा माउंट. शर्यतीच्या संचांत रबराऐवजी धातूचा गोलाकार सांधा असतो. तो नेमकेपणा देतो, पण बारीक थरथर आणि खडखडाट थेट आत आणतो. रोजच्या गाडीला रबरी माउंट घ्यावा.

नळीचा प्रकार. दुहेरी नळीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये वायूचा दाब कमी असतो आणि लहान उंचवट्यांवर तो सहसा मऊ वागतो. एकेरी नळीचा लवकर तापत नाही, लांबच्या खडबडीत रस्त्यावर गुण टिकवून धरतो. मात्र त्याच्या नळीला दगडाने पोचा पडला की आतला दट्ट्या अडकू शकतो. दोन्ही चांगले असू शकतात. बांधणीचा दर्जा अधिक महत्त्वाचा.

टिकाऊपणा. आपला पावसाळा आणि कोकणातील खारी हवा आट्यांची खरी शत्रू. गंजरोधक मुलामा, दांड्यावर धूळ-चिखल अडवणारे रबरी आवरण, आणि सुटे सील मिळून दुरुस्ती करून देणारे केंद्र या तीन गोष्टी असल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. पावसाळ्यापूर्वी व नंतर आटे स्वच्छ करून घ्यावेत, अन्यथा कडे जाम होऊन उंची बदलण्याची सोय नावापुरती उरते.

बसवल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन पुन्हा तपासून घ्यावा. कायद्याकडेही लक्ष हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांवर निर्बंध घालते आणि कलम १८२अ नुसार अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी आणि विमा कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे. गाडीची हमीही अशा बदलाने धोक्यात येऊ शकते.

बटणाचा वापर सबुरीने करावा. अगदी सैल टोकापासून सुरुवात करून एकेक टप्पा कडक करत, दर वेळी ओळखीच्या त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी नेऊन पाहावी. गाडी डुलायची थांबली की तिथेच थांबावे. मात्र ही परीक्षा स्टिअरिंग धरलेल्याने एकट्याने घेऊ नये. चालकाला खड्डा आधी दिसतो आणि त्याचे शरीर नकळत सावध होते. मागे बसलेल्याला ती संधी मिळत नाही. तेव्हा एखादा धडधाकट प्रौढ मागच्या सीटवर बसवावा आणि त्याचा कौल प्रमाण मानावा. त्याच्या पाठीला खटकले, तर त्या सीटवर आई-वडिलांना बसवू नये. आणि कोणत्याही धक्क्यानंतर ज्येष्ठांची पाठ दोन दिवसांहून अधिक दुखत राहिली, पायात मुंग्या आल्या किंवा लघवीवरचा ताबा बिघडला, तर बाम चोळत बसू नये. पायांतील ताकद वा लघवीचा ताबा गेल्यास तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.