नागपूरचं ऊन आणि छतावरचं सोलर: मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळते का?

नागपूरचं ऊन म्हटलं की आठवतो मे महिना. पारा ४५ च्या घरात, दुपारी रस्ते ओस आणि घरोघरी कूलर. एवढ्या उन्हात सोलर बसवलं तर वीजच वीज, असं कुणालाही वाटेल. पण पॅनलला हवा असतो प्रकाश, उष्णता नाही.

पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे ते जसं तापतं, तशी दर अंशामागे क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घसरते. मे महिन्याच्या दुपारी छतावरचं पॅनल सहज ६५ अंशांपर्यंत जातं. म्हणजे १२ ते १६ टक्के वीज तिथेच गेली! तरीही दिवस मोठा आणि आकाश मोकळं असल्यामुळे उन्हाळा फायद्याचाच. खरा फटका बसतो तो जुलै-ऑगस्टच्या ढगांचा.

आता पैशांचं बघू. वर्षाची सरासरी काढली तर १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे ३ किलोवॅटमागे महिन्याला ३६० च्या आसपास. त्यासाठी सावली न पडणारी अंदाजे ३०० चौरस फूट जागा लागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत या ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. दिवसा उरलेली वीज ग्रीडमध्ये जाते, नेट मीटर तिची नोंद ठेवतो आणि रात्री वापरलेल्या युनिटमधून ती वजा होते.

विकणारे सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट: बॅटरी नसलेलं ग्रीडला जोडलेलं सोलर लाईट गेली की बंद पडतं. भर दुपारीसुद्धा. बंद लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लोडशेडिंगवर उपाय म्हणून सोलर घेणार असाल तर बॅटरीचा खर्च आधीच धरा.

आणि सूर्य मावळल्यावर? तेव्हा शहराला आधार कोराडी-खापरखेड्यासारख्या कोळशावरच्या केंद्रांचाच. त्यांची राख आणि धूर सोसतात आजूबाजूची गावं.

फ्लॅटवाल्यांची अडचण वेगळी. गच्ची सगळ्यांची, मग पॅनल कुणाचं? लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीलाही या योजनेत प्रति किलोवॅट १८ हजारांचं अनुदान मिळतं. त्यासाठी सोसायटीच्या सभेत ठराव करून घ्या.