समलिंगी पुरुषाचं रक्त का चालत नाही? रक्तदानाच्या फॉर्ममागचा नियम आणि त्यावरचा वाद, सोप्या भाषेत

गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नाहीतर पुढाऱ्याचा वाढदिवस. निमित्त कोणतंही असो, आता गावोगावी रक्तदान शिबिर होतं. रक्त देण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. बरेच जण तो न वाचताच खाली सही करतात. पण या फॉर्ममागे जी सरकारी नियमावली आहे, तिच्यातला एक नियम सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आहे. पुरुषाशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषाने रक्त द्यायचं नाही, असा तो नियम. वर्ष-दोन वर्षं नाही, कायमचंच. हा नियम आला कुठून आणि तो बरोबर आहे का, हे समजून घेऊ.

नियम नेमका काय?

राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि नॅको यांनी २०१७ मध्ये रक्तदात्यांसाठी नियमावली काढली. तिच्यातल्या साध्या अटी बहुतेकांना माहीत आहेत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. जत्रेत टॅटू काढला असेल तर वर्षभर थांबायचं. मलेरिया झाला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं.

ही झाली तात्पुरती बंदी. पण याच नियमावलीतल्या १२ आणि ५१ क्रमांकाच्या कलमांत एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्यांची यादी आहे. त्यात तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्री करणाऱ्या महिला, सुईने नशा करणारे आणि अनेक जोडीदार असणारे येतात. या सगळ्यांना कायमची मनाई आहे.

सरकारचं म्हणणं काय?

१९८० च्या दशकात एड्स आला तेव्हा अमेरिकेत रक्त चढवल्यामुळे अनेक रुग्णांना लागण झाली. तेव्हा रक्त तपासायची सोयही नव्हती. समलिंगी पुरुषांमध्ये रोगाचं प्रमाण जास्त दिसलं, म्हणून त्यांना बाजूला ठेवलं गेलं. पुढे बऱ्याच देशांनी तेच केलं.

आपल्याकडेही आकडे तसेच आहेत. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते ३ टक्क्यांच्या पुढे आहे. शिवाय लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती तपासणीत दिसतच नाही. याला विंडो पिरियड म्हणतात. नॅट नावाच्या महागड्या तपासणीत हे दिवस बरेच कमी होतात, पण ती प्रत्येक रक्तपेढीत होत नाही.

२०२३ मध्ये केंद्राने कोर्टात हेच सांगितलं. रक्त देणाऱ्याच्या हक्कापेक्षा रक्त घेणाऱ्याची सुरक्षितता मोठी, असं केंद्राचं म्हणणं आहे. यात तथ्य आहे. थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. गुजरातमधल्या जुनागढला २०११ साली अशी २३ मुलं एचआयव्हीबाधित आढळली आणि पालकांनी दूषित रक्ताकडे बोट दाखवलं. असं लेकरू ज्यांच्या घरात आहे, त्यांना धोका हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मग हरकत कशावर?

मणिपूरच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या सांता खुराई यांनी २०२१ मध्ये या नियमाला आव्हान दिलं. २०२४ मध्ये लेखक शरीफ रांगणेकर यांनीही याचिका केली. त्यांचा मुद्दा सरळ आहे. धोका माणूस कोण आहे यात नसतो, तो काय करतो यात असतो.

दहा वर्षं एकाच जोडीदाराबरोबर राहणारा आणि दोघांचीही तपासणी झालेला समलिंगी पुरुष कायमचा बाद. उलट, बाहेर संबंध असलेला लग्नाचा माणूस 'मी तसला नाही' म्हणत निवांत रक्त देऊन येतो. अनेक जोडीदारांचा नियम खरं तर त्यालाही लागू आहे, पण आपण त्यात बसतो असं त्याला वाटतच नाही.

डेअरीत दूध घालताना प्रत्येकाच्या दुधाचं फॅट बघतात, घालणाऱ्याचं आडनाव नाही. रक्ताचंही तसंच व्हावं, एवढंच मागणं आहे. फरक इतकाच की दुधाचं लगेच कळतं, रक्तातली लागण काही दिवस लपून राहते. म्हणून तपासणीबरोबर प्रश्नही विचारावे लागतात. ते कोणते असावेत, हा खरा वाद आहे.

बाहेरच्या देशांनी काय केलं?

ब्रिटनने जून २०२१ मध्ये, कॅनडाने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये नियम बदलला. तिथे आता बाई असो की पुरुष, सगळ्यांना सारखेच प्रश्न असतात. गेल्या तीन महिन्यांत नवीन जोडीदार झाला का? एकापेक्षा जास्त होते का? त्यांच्याशी गुदमार्गाने संबंध आला का? उत्तर धोक्याचं असेल तर तीन महिने थांबायचं, मग तो कोणीही असो. इटलीने तर २००१ मध्येच प्रत्येकाचा धोका वेगळा तपासायला सुरुवात केली.

मात्र ब्रिटन आणि अमेरिकेत दान केलेल्या रक्ताची नॅट तपासणी होते. त्यामुळे आपल्याकडे नुसता फॉर्म बदलून भागणार नाही, तपासणीवरही खर्च करावा लागेल.

मे २०२५ मधल्या सुनावणीत सुप्रीम कोर्टानेही केंद्राला विचारलं, की सगळ्याच तृतीयपंथीयांवर धोकादायक असा शिक्का मारायचा का? तज्ज्ञांना विचारून असा मार्ग काढा की खबरदारीही राहील आणि कोणाला हिणवल्यासारखंही होणार नाही, असं कोर्टाने सुचवलं.

गावात या नियमाचं काय होतं?

शिबिर शाळेच्या वर्गात किंवा मंदिराच्या सभामंडपात असतं. मागे भाऊ, पुढे चुलता, टेबलाशेजारी सरपंच. अशा ठिकाणी 'पुरुषाशी संबंध आहे का' याला कोण हो म्हणणार? घरच्यांनी लग्न लावून दिलेले कित्येक पुरुष तर ही गोष्ट स्वतःशीही कबूल करत नाहीत. म्हणजे त्या माणसापुढे दोनच वाटा उरतात. खोटं बोलायचं, नाहीतर बीपीचं कारण सांगून निघून जायचं. तो खोटं बोलला तर नियम कागदावरच राहतो आणि रुग्णाला त्याचा काही उपयोग होत नाही.

प्रश्न सगळ्यांना सारखा असेल आणि आडोशाला विचारला असेल, तर खरं उत्तर मिळायची शक्यता वाढते. त्यामुळे हा नियम बदलण्यात समलिंगी माणसाचा मान आहेच, पण रक्त घेणाऱ्या लेकराचंही हित आहे. नॅको आणि परिषदेने आता दोन्ही गोष्टी एकत्र कराव्यात: प्रश्न सगळ्यांना सारखे आणि नॅट तपासणी जिल्ह्याजिल्ह्यात.

वाचकांनी काय लक्षात ठेवावं?

- फॉर्म वाचूनच सही करा. काही लपवायचं असेल तर रक्त देऊ नका. डॉक्टरला कारण सांगायची सक्ती नाही.
- रक्त दिल्यावर शंका आली तर रक्तपेढीला लगेच फोन करा. ती पिशवी बाजूला ठेवता येते.
- एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची म्हणून रक्तदान करू नका. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. माहितीसाठी टोल फ्री नंबर १०९७.
- शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी फॉर्म भरायला आणि डॉक्टरशी बोलायला पडदा लावून वेगळी जागा करावी. त्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही.
- कोणी रक्त न देता रांगेतून परत फिरला, तर का म्हणून विचारत बसू नका.